प्रेरणा गारगोटीतनं येते

राजारामपुरीत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. दातांच्या डॉक्टरकडं पेशंटला बोलता येत नाही. माझ्याकडं उलटं. गुडघा मशीनला लावला की तोंड मोकळं! त्यात खाटांच्या मधे नुसते पडदे. एकाचं दुखणं सगळ्यांना ऐकू जातं आणि त्यावर सल्लाही सगळेच देतात. अशा जागी किस्से गोळा करावे लागत नाहीत, संध्याकाळी झाडून काढावे लागतात.

*

मध्यंतरी मी पुण्याला एका वर्कशॉपला जाऊन आले. तिथं शिकवलं की पेशंट नुसत्या व्यायामानं बरा होत नाही. आपल्याला बरं कशासाठी व्हायचंय हे त्याला कळलं, की शरीर, मन, झोप सगळंच मार्गी लागतं. मला भलतंच पटलं. आल्या आल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, 'तुम्हाला बरं कशासाठी व्हायचंय?'

पहिल्यांदा ती वाचली दत्ताबांनी. दत्ताबा म्हणजे आमचे गुडघा बदललेले, पण आवाज न बदललेले पेशंट. ते कुजबुजले तरी खालच्या रिक्षावाल्याला ऐकू जातं.

"मॅडम," म्हणाले, "न्हाई झालो तर चालतंय काय?"

मी चिकाटी सोडली नाही. म्हटलं, "दत्ताबा, प्रेरणा फार महत्त्वाची. सांगा बघू, तुमची प्रेरणा कुठनं येते?"

"गारगोटीतनं."

"काय?"

"प्रेरणा न्हवं? माझी धाकटी सून! म्हायेराला गेलीया, मंगळवारी येनार हाय. पर तुमी कशा वळखता ओ तिला?"

*

आजऱ्याच्या पार्वतीकाकूंचा खांदा जाम झालेला. मी विचारलं, "काकू, हात वर कशासाठी न्यायचाय?" मला वाटलं, वेणी घालायला म्हणतील, नाहीतर देवाला हार घालायला.

"जावंनं काजूच्या बरण्या वरच्या फळीवर ठेवल्यात."

"बरं, मग?"

"मुद्दाम ठेवल्यात!"

काय व्यायाम केला त्या बाईनं! भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, इतका कंटाळवाणा प्रकार की माझे निम्मे पेशंट तिथंच पळून जातात. काकूंनी दात-ओठ खाऊन केला. हात सरळ वर जायला लागला. मी खूश होऊन पाटीकडं बघितलं, तर काकू अजून घुश्श्यातच.

"आता काय झालं?"

"तिनं बरण्या माळ्यावर न्हेल्या. आता गुडघ्याचा व्यायाम सांगा. स्टुलावर चढायचंय!"

*

इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले आले. कंबर धरलेली, झोप उडालेली. सगळा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला. म्हटलं, ह्यांना शांततेची गरज आहे. झोपवलं, मशीन बंद केली, पंखासुद्धा बंद केला. "डोळे मिटा आणि फक्त शांतता ऐका."

जरा वेळानं बघते तर गृहस्थ घामाघूम, खाली वाकून चपला शोधतायत.

"अहो, काय झालं?"

"लाईट गेली न्हवं? सगळं माग थांबलं असतील!"

"लाईट आहे ओ."

"मग येवढं शांत कशापायी? जीव घाबरा झाला की!"

शेवटी मोबाईलवर मागांच्या आवाजाचा व्हिडिओ शोधून त्यांच्या कानाशी ठेवला. माणूस घोरायला लागला.

*

आमच्या गल्लीत एक क्लासवाले सर आहेत. पोरांना मोटिव्हेशनची लेक्चरं देतात. चौकात त्यांचा फ्लेक्स आहे, 'आळस सोडा, यश जोडा!' त्यांची मान धरली. मी घरी करायचे व्यायाम दाखवले. पुढच्या खेपेला विचारलं, "सर, केला का व्यायाम?"

"नाही झाला."

त्याच्या पुढच्या खेपेला तेच. मग मीच वैतागले. "सर, अडचण काय आहे नेमकी?"

सर हळूच म्हणाले, "मॅडम, इच्छाच होत नाही हो."

पडद्यापलीकडनं दत्ताबांचा आवाज आला, "आयला! नातवाला तुमच्याकडंच घातलाय की ओ मास्तर!"

*

वर्कशॉपमधे म्हणत होते, खरी प्रेरणा आतनं येते. पुण्यात येत असेल. कोल्हापुरात ती शेजारच्या खाटेवरनं येते आणि तिला आम्ही ईर्षा म्हणतो. दुसऱ्या गावात हा शब्द वाईट असेल. आमच्याकडं पलीकडच्याचा गुडघा जास्त वाकला असं नुसतं सांगितलं, की अलीकडचा वाकतोच. मी तर कधीकधी खोटंच सांगते!

*

बापू मात्र कशालाच दाद देईनात. त्यांना झटका येऊन उजवी बाजू गेलेली आणि बोलणं पार थांबलेलं. मोठे डॉक्टर म्हणाले होते, शब्द परत येतील, पण प्रयत्न त्यांनीच केला पाहिजे आणि आत्ताच केला पाहिजे. बापू प्रयत्न करायलाच तयार नव्हते. पाटीवरचा प्रश्न विचारला की तोंड भिंतीकडं करायचे. उत्तर द्यायच्या त्यांच्या बायको, मालूवैनी. "करतील ओ, करतील."

एकदा वैनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, ह्येंच्या वरडण्यानं कान किटलं हुतं माझं. आता घर खायला उठतंय. एक शिवी जरी दिली न्हवं, गल्लीत पेढं वाटीन." मला रडूच आलं. ती पाटी काढून फेकून द्यावीशी वाटली.

त्या दिवशी बापूंच्या शेजारच्या खाटेवर दत्ताबा होते. दोघं तरुणपणी आपापल्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीममधनं खेळलेले, एकमेकांविरुद्ध. मला हे माहीत नव्हतं. दत्ताबा गुडघा वाकवत छताकडं बघून म्हणाले, "मॅडम, एका फायनलीत आमी ह्या बापूच्या गोलानं हारलो. हारलो कसलं? गोल ऑफसाईड हुता!"

बापूंची मान भिंतीकडनं वळली.

"पंच ह्येंचा पावणा. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

मी हातानं खुणा केल्या, गप्प बसा म्हणून. बापूंचं बीपी वाढलं तर निस्तरायचं कुणी? दत्ताबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "वैनी, तुमाला सांगिटलं नसंल ह्येनं. कुठल्या तोंडानं सांगनार?"

बापूंनी डाव्या हातानं खाटेची कड धरली. चेहरा लाल, ओठ वाकडे.

"ग... ग..."

"काय म्हंतोस? ऐकू येत न्हाई!"

"गोल हुता!"

आणि त्याला जोडून, कोल्हापुरात जी रागानंही देतात आणि लाडानंही देतात, ती शिवी. स्पष्ट. खणखणीत.

मालूवैनी ओरडल्या, "शिवी दिली! मॅडम, शिवी दिली ओ ह्येंनी!" हसतायत काय, रडतायत काय! पोराला फोन लावला आणि तो बापूंच्या तोंडाशी धरला. "द्या की ओ परत, पोरगं ऐकतंय!"

बापूंनी परत दिली.

तेवढ्यात पडदा जरा बाजूला झाला. दत्ताबांनी डोकं आत घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच, खरोखर हळू आवाजात विचारलं, "वैनी, उद्या कुठली मॅच काढू?"