त्रेपन्नाव्या दरवाजाचे हमीदमामा

हमीदमामा ड्रम वाजवताना ड्रमकडे कधीच बघत नसत. ते गाणाऱ्याच्या पाठीकडे बघत. सुईत दोरा ओवणारा माणूस बघतो तसे, पापणी न हलवता. खाली हात आपापली कामं करत असायचे आणि नजर मात्र पाठीत रुतलेली. मी त्या बँडमध्ये गायला गेले, तेव्हा पहिल्या दिवसापासून ती पाठ माझी होती.

मी लासूर स्टेशनची. वडील मोंढ्यात, तिथल्या धान्यबाजारात, हमाल. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली, तीही शिष्यवृत्तीच्या आणि चांगल्या शिक्षकांच्या बळावर. गाणं मात्र कुणी शिकवलं नाही. जयंतीच्या स्टेजवर, शाळेच्या प्रार्थनेत जे गायले तेच माझं शिक्षण. कॉलेजात आम्हाला रसायनशास्त्र शिकवणारे जाधव सर संध्याकाळी गिटार वाजवतात आणि त्यांचा तरुणपणापासूनचा रॉक बँड आहे, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. शहराला बावन्न दरवाजे, म्हणून बँडचं नाव ‘त्रेपन्नावा दरवाजा’. लोक नुसतं ‘त्रेपन्न’ म्हणायचे.

त्रेपन्नचा आवाज म्हणजे सुधाकरदादा. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाणं बंद केलं आणि ते नागपूरला मुलीकडे राहायला गेले. बँड वर्षभर मुका राहिला. मी तोवर सिडकोतल्या एका शाळेत शिकवायला लागले होते. एक दिवस सर शाळेत आले आणि म्हणाले, “सुजाता, आमच्यासोबत गाशील? एक कार्यक्रम करू. जमला तर बँड चालू ठेवू. नाही जमला तर सामान विकून टाकू. पन्नाशी उलटलेल्या माणसांनी किती दिवस वाट बघायची?”

सरांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तालीम असायची. पहिल्याच गाण्यात मला पाठीवर काहीतरी टोचल्यासारखं झालं. वळून पाहिलं तर पांढरी दाढी, चौकटीचा शर्ट आणि माझ्यावर रोखलेले दोन डोळे. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी काडी हवेत फिरवली. “समोर बघ, बेटा. लोकं समोर आहेत.”

मामा मूळचे वरातीच्या बँडमधले. त्यांच्या वडिलांचा ब्रासबँड होता आणि मामा दहा वर्षांचे असल्यापासून गळ्यात ढोल घालून लग्नांत चालायचे. पुढे शेंद्र्याच्या एका कारखान्यात प्रेसवर नोकरी लागली. दिवसभर पत्रा ठोकायचा आणि संध्याकाळी ड्रम. “आपलं सगळं आयुष्य ठोकण्यात गेलं,” असं ते स्वतःच सांगायचे. स्वभाव इतका गोड की काहीही विचारा, हसून म्हणायचे, “हौ हौ, बराबर.” चहात साखर जास्त झाली का? हौ हौ, बराबर. उद्या तालीम सकाळी घ्यायची का? हौ हौ, बराबर. आणि यायचे संध्याकाळीच. सर म्हणायचे, “हमीद, तू म्हातारा झालास.” त्यावरही तेच उत्तर.

पण एका बाबतीत ते कडक होते. “गाणारा मालिक, ढोल नौकर,” ते सांगायचे. “गाणाऱ्याच्या आधी ढोल पडला तर ते गाणं नाय, भांडण है.”

नेमकं तेच भांडण रोज व्हायला लागलं. त्रेपन्नचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे ‘नळ’. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, त्यावरचं. त्यात एक जागा अशी की सगळी वाद्यं एकदम थांबतात. पूर्ण शांतता. मग गाणारा एकट्यानं उचलतो, “नळ खोकला!” आणि त्या पहिल्याच अक्षरावर ढोल कोसळतो. ती शांतता किती ताणायची हे गाणाऱ्यानं ठरवायचं. सुधाकरदादा ती इतकी ताणायचे की लोक खुर्चीतून उठायचे, असं सगळे सांगायचे. माझ्या वेळेला ढोल कधी माझ्या आधी पडायचा, कधी मी दोन शब्द म्हणून झाल्यावर.

“लय कच्ची आहे तुझी,” सर म्हणाले. “हमीद तीस वर्षं वाजवतोय. त्याचं कधी चुकलं नाही.”

मी घरी जाऊन भिंतीवर बोटांनी ठेका धरत बसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि पाठीवर ते डोळे. मी गावात वाढलेली मुलगी. वडिलांच्या वयाचा माणूस आपल्या पाठीकडे टक लावून बघतो, हे कुणाला सांगावं ते मला कळेना. मामा वाईट वाटत नव्हते, उलट माझ्यासाठी घरून शीरखुर्मा आणायचे. पण नजर नजरच असते. तिसऱ्या दिवसापासून मी ओढणी दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घ्यायला लागले. मागून माझी फक्त वेणी दिसत असेल.

त्यानंतर तर गाणं पार विस्कटलं. एका तालमीत सरांनी ‘नळ’ पाच वेळा थांबवलं. शेवटी गिटार गळ्यातून काढून भिंतीला टेकवली.

“बस झालं,” ते म्हणाले. “सुजाता, तुझा आवाज चांगला आहे, पण हे तुझं काम नाही. कार्यक्रम आठवड्यावर आलाय. पुण्याला एक मुलगा आहे, त्याला विचारतो.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लासूरहून वडील येणार होते, त्यांनी मोंढ्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी पर्स उचलली.

मामा कधी उठले ते कळलं नाही. ते सरांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले आणि सरांच्या ओठांकडे बघत म्हणाले, “क्या बोला तू पोरीला? निघ बोला?”

“हमीद, तू बस.”

“नाय बसत. पोरीची लय पक्की है. मेरेकू सुनाई नै देता, जाधव.”

मामांनी एकेका कानाला बोट लावलं.

“एका कानात काहीच नाय, दुसऱ्यात नुसती शिट्टी,” मामा सांगू लागले. “प्रेसनं खाल्ले कान. तीन साल झाले. तुमची गिटार, बास, सगळं मेरेकू छातीत कळतं, धक्का लागतो. आवाज नाय कळत. वरातीत तरी कोण ऐकतं? फटाके, हॉर्न, घोड्याचं नाचणं. अब्बा सांगायचे, क्लॅरनेटवाल्याच्या खांद्याकडं बघ, तो श्वास घेतो की खांदा उचलतो. सुधाकरचा डावा खांदा वर गेला की मी ढोल टाकायचो. तीन साल तुमच्यापैकी कुणाला समजलं?”

“मग सांगितलं का नाहीस?” सरांचा आवाज चढला. ऐकू येत नाही म्हणूनही असेल आणि रागानंही.

“कायकू सांगू? बहिरा ड्रमवाला कोण ठेवतं?” मग ते माझ्याकडे वळले, पण माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत बोलले. “ही पोरगी झेंडावंदनाला उभी राहते तशी उभी राहते. तरी थोडं थोडं दिसायचं. मग हिनं ओढणी घेतली. आता बेटी के उमर की पोरगी. तिला मी कोणत्या तोंडानं सांगू, की खांद्यावरचा कपडा काढ?”

मला धरणी दुभंगावी असं झालं. ते मला सांगायला लाजत होते, आणि मी त्यांना. दोघांची अब्रू सांभाळताना गाणं मरत होतं.

मी ओढणी खांद्यावरून काढली आणि आमच्या बाया कापूस वेचताना पदर खोचतात तशी कमरेला करकचून बांधली. माइकसमोर जाऊन उभी राहिले. “सर, एकदा परत घ्या.”

सरांनी घेतलं. त्या शांततेत मी श्वास घेताना मुद्दाम डावा खांदा उचलला. ढोल माझ्या ‘न’वर असा पडला की पत्र्याच्या खोलीची धूळ खाली आली.

तरी सर शांत झाले नव्हते. मित्रानं तीन वर्षं लपवलं, हे त्यांना लागलं होतं. जाताना एवढंच म्हणाले, “हमीद, स्टेजवर तुटलं तर मी हात वर करीन. हात वर दिसला की वाजवणं बंद. मग त्रेपन्नही बंद.” मामांनी त्यांचे ओठ वाचले आणि मान डोलावली. या वेळी ते ‘हौ’ म्हणाले नाहीत.

कार्यक्रम सिडकोतल्या एका मैदानावर होता. ऊन उतरलं तसं मैदान भरत गेलं. पोटं सुटलेले, टकलं पडलेले लोक आपल्या कॉलेजातल्या मुलांना घेऊन आले होते. तिसऱ्या रांगेत माझे वडील, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. मी स्टेजवर आले आणि ओरडा सुरू झाला. “सुधाकर! सुधाकर!”

“ताई, अंगाई म्हणणार काय?” कुणीतरी खालून विचारलं.

“अरे, त्रेपन्नावर बाई बसवली, आता चोपन्नावा बांधा!”

हशा पिकला. वडील हसले नाहीत, मागेही वळले नाहीत. पहिली दोन गाणी मी नुसती ढकलली. टाळ्या पडल्या त्या उपकाराच्या. दर श्वासाला मी खांदा उचलत होते आणि मागून ढोल बरोबर येत होता. मला पाठीवर ते डोळे आता हवे होते.

मग शेवटचं गाणं, ‘नळ’, आलं. सुरुवातीची गिटार वाजली तशी लोकांनी मोबाइल वर धरले. आणि मंडपवाल्यानं, शोभा वाढावी म्हणून, धुराचं मशीन चालू केलं. त्याबद्दल आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. वारा पडलेला. धूर वर जाईना, तो स्टेजवरच साचत गेला. मला आधी माझे पाय दिसेनासे झाले, मग सर. ओळ संपली आणि ठरल्याप्रमाणे सगळी वाद्यं थांबली.

शांतता.

मी वळून बघितलं. मागे नुसता पांढरा धूर होता. मला मामा दिसत नव्हते, म्हणजे त्यांनाही मी दिसत नव्हते. मी उचललं आणि ढोल आलाच नाही तर? नाहीतर मध्येच कुठेतरी पडला तर? लोकांना आधी वाटलं, ही शांतता ताणतेय. एक-दोघांनी शीळ घातली. मग खालून पुन्हा, हळूहळू, “सुधाकर... सुधाकर...” धुराच्या वर सरांचा हात यायला लागलेला मला दिसला. कोपरापर्यंत आला होता.

तेवढ्यात मागून काड्यांचा आवाज आला. टक. टक. टक. टक. एकमेकींवर आपटलेल्या, सावकाश, मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जातील अशा. ‘नळ’मध्ये कुणीच कधी काड्या वाजवल्या नव्हत्या. गाणाऱ्याच्या आधी ढोल जात नाही म्हणणारा माणूस मला पुढे होऊन वाट दाखवत होता. त्यांना काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. मला मात्र ऐकू येत होतं.

चौथ्या ठोक्यानंतर मी डोळे मिटून उचललं. “नळ खोकला!” आणि ढोल माझ्याबरोबर कोसळला.

नंतर काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. शेवटच्या कडव्यात मी गायचं थांबवलं तरी सगळं मैदान गात होतं. वडील उभे राहिले होते. आजूबाजूचे नाचत होते आणि ते नुसते उभे होते, शर्ट दोन्ही हातांनी सारखा करत.

गाणं संपल्यावर मी धावत मामांजवळ गेले. ते घामानं निथळत होते. मी त्यांच्या समोर बसून, ओठ नीट हलवत विचारलं, “मामा, मी उचलीन हे तुम्हाला कसं कळलं?”

“नै कळलं,” ते म्हणाले. “पण आपण गप बसलो असतो तर लोकं काय बोलले असते? बाई आली आणि त्रेपन्न बंद पडलं. मेरे कानाचं खापर तुझ्या डोक्यावर. जिंदगीभर पुसलं गेलं नसतं ते. म्हटलं, चुकलं तर आपलं चुकू दे, सगळ्यांना ऐकू येईल असं.”

जाधव सर मागे येऊन उभे होते. त्यांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला. “शुक्रवारी तालीम आहे,” ते ओठ हलवत म्हणाले.

मामांनी मान हलवली. “नाय, जाधव. आज डोळे बांधून विहिरीवरून उडी मारली, पल्याड पडलो. रोज मारली तर ही पोरगी माझ्यासोबत पडेल.” आणि ते ड्रमवरच्या झांजांचे स्क्रू सोडवायला लागले. कुणाला हात लावू दिला नाही.

सर मग माइककडे गेले. सर एरवी स्टेजवर कधी बोलत नसत. “हमीदनं आज शेवटचं वाजवलं,” एवढंच म्हणाले. मग एका कोपऱ्यातून सुरू झालं आणि वाढतच गेलं. “हमीद! हमीद!”

मामा तोवर झांजा काखेत घेऊन मागच्या जिन्यानं उतरायला लागले होते. त्यांचंच नाव घेत हजारभर माणसं ओरडत होती आणि ते पायरी चाचपत खाली चालले होते. मी धावत गेले. हाताला धरून त्यांना परत वर आणलं आणि लोकांच्या समोर उभं केलं.

ते बराच वेळ बघत राहिले. एकेक तोंड उघडत होतं, मिटत होतं. सगळी तोंडं एकच शब्द म्हणत होती. ओठ वाचायची सवय असलेल्या माणसाला तो वाचायला वेळ लागला, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. त्यांनी एकदा छातीवर हात ठेवला.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “रात्री मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर. उद्या घसा बसेल,” आणि झांजा सावरत जिना उतरून गेले.