न दुखलेली छाती

बाबा विहारात वंदना संपवून उठले आणि तिथेच कोसळले. मिनिटभरात शुद्धीवर आले. घामेघूम मी, आणि हसत होते ते.

"काहून घाबरून राहिली तू? मले कुठं दुखून नाही राहिलं."

रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी केलेला माणूस, शुगर कित्येक वर्षांची. दुखणं सांगायची सवयच नव्हती त्यांना.

मी त्यांना पंडरी भागातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आडवं करून बीपी मोजला, मग उभं करून. उभं राहताच तो एकदम उतरला. अशा वेळी नाडी वाढायला हवी, ती मात्र होती तेवढीच. मग छातीला तारा लावून त्या म्हणाल्या, "बाबूजी, लंबी सांस लीजिए. अब धीरे-धीरे छोड़िए." श्वास आत घेताना ठोके वाढतात, सोडताना मंदावतात, हे मला त्या दिवशी कळलं. बाबांचे वाढेनात, मंदावेनात. पडद्यावरचा आकडा जागचा हलेना.

हृदयाला घाई कर, सावकाश हो, असं सांगणाऱ्या नसा आपल्याला न विचारता काम करत असतात, बाई समजावत होत्या. शुगरनं त्या निकामी होत आल्या होत्या. छातीतली कळ मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या नसाही त्यातच गेल्या असाव्यात. मग त्यांनी कार्डिओग्रामचा कागद पुढे केला.

"एक अटैक आ चुका है. कब आया, याद है?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली. मला आठवलं. एका लग्नाहून परतले, जिना चढून आले तेव्हा सदरा घामानं भिजलेला, तोंड पांढरंफटक. "जेवण भोवलं तुमाले," म्हणून मी ओवा-मीठ दिलं होतं.

आता गोळ्या चालू आहेत. छाती दुखणार नाही, तेव्हा दम, घाम, मळमळ यांवरच लक्ष ठेवा, असं बाईंनी बजावलंय. पलंगावरून उठताना आधी पाय सोडून बसायचं, मग उभं राहायचं, हे त्यांना जमलंय. मीच ऑफिसातून तीनतीनदा फोन करते. दम लागला का? घाम आला का? एकदा चिडलेच. "मी रोज मरून राहिलो का? ठेव फोन."

मागच्या मंगळवारी सकाळी त्यांना मळमळलं. चहाचं आधण उतरवून मी त्यांना ई-रिक्षात बसवलं, दवाखाना गाठला. निघालं साधं अपचन. परतताना ते हळूच म्हणाले, "पोरी, आता मले कसं समजन?"

"मी हाय ना, बाबा," म्हणाले खरी. पण साडेदहाला मला ऑफिसात पोचायचंच होतं.