दगडापाशी ठेवलेली सीट

९ मे. उद्या मुलगी आणि नाती येणार, म्हणून जीपची मागची सीट बसवायला घेतली. गेले दोन महिने मागच्या भागात शेणखताची पोती नेत होते, त्यामुळे सीट काढून पडवीत ठेवली होती. आधी तळाच्या पत्र्यातली भोकं साफ केली. चारही बोल्ट पहिल्यांदा हातानेच फिरवून आटे बरोबर बसलेत ना हे पाहायचं, मग पान्याने समोरासमोरचे आलटूनपालटून आवळायचे. पत्र्याखाली रुंद वायसर हवाच, नाहीतर जोराच्या धक्क्याने पत्रा फाटून सीट माणसासकट सुटते. पट्टे सीटखाली दबू द्यायचे नाहीत. शेवटी दोन्ही हातांनी सीट ओढून पाहायची.

हे मी एका तपासात शिकले. ते प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही.

तेव्हा कुरखेडा भागातल्या एका पोलीस ठाण्याची मी प्रभारी होते. बाजाराच्या गावांना प्रवासी नेणाऱ्या जीपची मागची सीट चोरीला गेल्याची तक्रार मालकाने दिली. संशय नव्या ड्रायव्हरवर होता. जुना ड्रायव्हर नुकताच तापाने वारला होता.

"आजच आत टाका त्याले, मॅडम," मालक म्हणाला. "मी तिथी बाकडं ठेवतो अन् तारेनं बांधतो, पण हा माणूस गाडीवर नको."

"तारेने बांधलेल्या बाकावर माणसं बसवलीत तर आधी तुम्हालाच आत टाकीन," मी म्हटलं.

मग खबर आली की ड्रायव्हर जीपमध्ये सीट सुटी टाकून जंगलाच्या रस्त्याने जाताना दिसला होता. त्याला ठाण्यात बोलावलं.

"विकली का?"

"नाई जी."

"मग कुठे आहे?"

"ते नाई सांगत."

"लायसन्स जाईल. गुन्हा लागेल."

"लागू द्या जी."

चोर सहसा भरपूर बोलतो. हा गप्प होता, आणि हेच मला खटकलं. मी आवारात जाऊन जीप पाहिली. सीट काढलेल्या जागी चारही बोल्ट, वायसरसकट, पुन्हा आपापल्या भोकांत फिरवून ठेवलेले होते. चोर सीट उचलतो आणि बोल्ट फेकून देतो. इथे बोल्ट हरवू नयेत, भोकात चिखल जाऊ नये, एवढी काळजी घेतली होती. काढणाऱ्याला तिथे दुसरी सीट बसवायची होती.

आत येऊन विचारलं, "नवी सीट कधी आणणार होतास?"

तो दचकला. "तेंदूपत्त्याचा हंगाम झाला की. माह्या कमाईतून."

"आणि जुनी?"

"ती उस्तादापाशी हाय."

उस्ताद म्हणजे वारलेला ड्रायव्हर. त्यानेच याला गाडी शिकवली होती. त्याच्या गावात मेलेल्या माणसाच्या वापरातली वस्तू त्याच्या नावाने उभारलेल्या दगडापाशी ठेवतात आणि ती कोणी परत आणत नाही. उस्ताद वर्षानुवर्षं त्याच सीटवर झोपला होता. त्याच्या बायकोने ती मागितली आणि याने नेऊन दिली. आता पोलीस ती उचलून आणतील, ही त्याची भीती होती. भीती खरी होती. चोरीचा माल म्हणून मला ती जप्त करावीच लागणार होती.

मालक, ड्रायव्हर आणि दोन पंचांना घेऊन मी त्या गावी गेले. मोहाच्या झाडाखाली नवा दगड उभा होता, शेजारी सीट. सीटच्या एका टोकाला उस्तादाची बायको बसली होती.

"बाई, ही सीट जीपची आहे," मी म्हटलं.

"माहीत हाय." ती उठली नाही. तिने ड्रायव्हरकडे बोट केलं. "ते म्हणत, एक दिवस गाडी हा चालवंल, अन् आपण दोघं मागं बसून सिरोंचाची नदी पाहाले जाऊ. पण माह्यासाठी जागाच नाई राहे. कधी बाजाराचे लोक, कधी तेंदूची पोती."

मी पंचनाम्याचे कागद काढले. मालकाने हात आडवा केला.

"लिवू नका, मॅडम. माही तक्रार नाई." मग ड्रायव्हरवर खेकसला, "काऊन बे, मले सांगाले तोंड नोतं?"

"तुमी नाई म्हटलं असतं त?"

"नाईच म्हटलं असतं!" मालक म्हणाला आणि आमच्याकडे पाठ करून नाक पुसू लागला.

निघताना बाईने मला विचारलं, "मॅडम, तुमचे घरवाले कुठी राह्यते?"

"वरोऱ्याला. शाळेत शिकवतात."

"अन् तुमी इथी. बलावत नाई का ते?"

"बोलावतात."

"मंग?"

मी कोऱ्या कागदांची घडी करू लागले. सण आणि निवडणुकांच्या बंदोबस्तात माझी रजा दरवर्षी बुडत होती. आधी मी वाट बघायचे, मग तेही सोडलं होतं.

त्या संध्याकाळी मालकाने आपल्या दुसऱ्या गाडीची सीट आणली. भोकं जुळली. ड्रायव्हरने ती ठाण्याच्या आवारात बसवली. मी शेजारी उभं राहून प्रत्येक बोल्ट पाहिला, स्वतः सीट ओढून बघितली आणि मगच गाडी सोडली.

वस्तू कोणी नेली हे विचारण्याआधी ती कशी नेली हे पाहावं, हे मी तिथे शिकले. पुढे अनेक तपासांत त्याचा उपयोग झाला. पण त्या बाईच्या "मंग?"चा कुठल्याच तपासाशी संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेतली, वरिष्ठांना फोन करून रजा मागितली, चार्ज सहकाऱ्याकडे दिला आणि मिळेल त्या एसटीने वरोऱ्याकडे निघाले.