एकतीस वर्षांचा दुसरा आवाज

कोटांच्या दुकानात ती अस्तरं शिवते, म्हणून सगळे तिला अस्तरमावशी म्हणतात. चर्चच्या गायनवृंदातही तिचं काम आतल्या बाजूचंच. नाताळगीताची चाल पहिल्या आवाजाच्या बायका गातात. मावशी त्यांच्या खालून चालणारा दुसरा आवाज धरते. एकतीस वर्षं झाली. झोपेतून उठवून गायला सांगितलं तरी चुकायची नाही.

यंदा नाताळ आठ दिवसांवर आला आणि पहिलं कडवं एकटीने गाणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा घसा बसला. गायनमास्तरांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही गा. तुमच्याइतकी जुनी इथे फक्त पेटी आहे."

मावशी तरंगतच घरी आली. जिन्यातच शेजारणीला सांगून टाकलं. मग खुर्चीची पाठ धरून उभी राहिली आणि गायला लागली.

"हे कुठलं नवीन गाणं?" आतून काकांनी विचारलं. काका म्हणजे तिचे यजमान, निवृत्त बस कंडक्टर.

"नवीन कुठलं? तेच आपलं!"

"तेच? मग त्याला झालंय काय?"

तेव्हा कुठे मावशीच्या लक्षात आलं. दूधवाला, शेजारची पोरं, जन्मात कधी न गायलेले काकासुद्धा जी चाल गुणगुणतात, ती तिच्या तोंडून निघतच नव्हती. दोन शब्द बरे जायचे. तिसऱ्याला गळा आपसूक खाली उतरायचा, रोजच्या वाटेने. सूनबाई मदतीला बसली. पण तिने चाल धरली की मावशी लगेच तिच्या खाली सूर लावायची, आणि तो इतका छान जुळायचा की दोघी खुशीत अख्खं कडवं संपवायच्या.

"आई, पुन्हा तेच झालं."

"झालं खरं. पण गोड झालं, नाही?"

दुकानातही ओठांत टाचण्या धरून गुणगुणणं चालूच. मालक वैतागले, "मावशी, हवं ते गा, पण बाह्यांना उलटं अस्तर लावू नका." मास्तरांना नाही म्हणून सांगावं, असं दोनदा तिच्या ओठांवर आलं. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच लोक तिला एकटीला ऐकणार होते. नाही म्हणवेना.

नाताळच्या सकाळी बाकं गच्च भरली होती. पेटीने सूर दिला. मावशीने तोंड उघडलं आणि पहिली ओळ अख्खी दुसऱ्या आवाजात निघाली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मास्तरांचा हात हवेतच राहिला.

इतक्यात तिसऱ्या बाकावरून एक घोगरा आवाज उठला, बसमध्ये "पुढे सरका, पुढे सरका" असं ओरडून तयार झालेला. काका उभं राहून चाल गात होते. कान लाल, नजर छताकडे. मावशीचा सूर अलगद त्यांच्या खाली जाऊन बसला आणि कडवं पार पडलं.

घरी जाताना मावशी दोन पावलं पुढेच चालत होती.

"आठ दिवस नुसतं अस्तर ऐकलं," काका म्हणाले. "कोट कुणीतरी शिवायला हवाच होता."

"मला एकटीला गायचं होतं हो."

"गायलीस की पहिली ओळ! तशी दुसऱ्या कुणाला जमलीच नसती."

मावशीने त्यांना कोपराने ढोसलं. हसू दाबत म्हणाली, "आणि तुम्ही शेवटच्या ओळीत बेसूर झालात. कळलं मला."