व्हायोलाची जागा

सासऱ्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून जळगाव जामोदच्या घरात दिवसभर त्यांच्याजवळ मी एकटी असायची. नवरा सकाळच्या बसने खामगावला नोकरीवर जायचा. सासरे हायस्कूलमध्ये गणित शिकवून रिटायर झालेले. नागपूरला कॉलेजात असताना त्यांना परदेशी संगीताची गोडी लागली होती. त्यातला एकच तुकडा ते रोज दुपारी ऐकायचे. दोन व्हायोलिनं, त्यांच्याहून जाड आवाजाचं व्हायोला आणि सगळ्यांत खर्जातला एक चेलो. अकरा मिनिटं, अगदी संथ. मला ते दार करकरल्यासारखं वाटायचं.

मोबाइल माझ्या हातात होता आणि त्याचा मी पुरेपूर उपयोग केला. वरण सांडलं की संगीत बंद. चादर ओली झाली की दोन दिवस बंद. "पहिले जेवा, मंग लावते," म्हणायची, आणि जेवल्यावरही लावायची नाही. ते अडखळत का होईना, बोलू शकत होते. पण नवऱ्याकडे त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

लावलं त्या दिवशी मी तिथेच मेथी निवडत बसायची. काही महिन्यांनी मला चेलो वेगळा ऐकू येऊ लागला. मग एका दुपारी, सातव्या मिनिटाच्या सुमारास, दोन्ही व्हायोलिनं गप्प झाली आणि तोवर नुसती साथ करणाऱ्या व्हायोलाने चार सूर एकट्याने घेतले. माझा हात थांबला. सासरे माझ्याकडेच पाहत होते.

"आली ना ती जागा ध्यानात?" ते म्हणाले. "मी तिच्यासाठीच ऐकून राह्यलो, बाई."

दुसऱ्या दिवसापासून मी चिडले की बरोबर त्या जागेच्या आधी बंद करायची. नंतर स्वयंपाकघरात कानाला मोबाइल लावून ती जागा एकटीच ऐकायची.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना दुसरा झटका आला. त्यानंतर कुठलाही आवाज त्यांना सहन होईना. भांडं पडलं तरी दचकायचे. मला वाटलं, आता तरी त्यांना पूर्ण ऐकवावं. मी मोबाइल उशाशी ठेवला. त्यांनी डाव्या हाताने कान झाकला.

"बंद कर."

मी केलं नाही. ती जागा आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ते रडत होते, आणि मी पुढची चार मिनिटंही वाजू दिली.