वीरप्पाअण्णांचे साठ जण

साप चावलेला माणूस आला की वीरप्पाअण्णा आधी त्याला कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचे. कडू लागला तर विष चढलं नाही, गोड लागला तर चढलं. आमच्या येडशीकडच्या गावांत ही परीक्षा शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग महादेवाच्या पारावर मंत्र, आणि माणूस चालत घरी. अण्णा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. त्यांनी उठवलेल्या साठ जणांची नावं गावाला तोंडपाठ होती, त्यांतला एक मी. शाळेत विज्ञान शिकवतो, पण आपल्याला चावली ती बिनविषारी धामण असेल, हे मला कधी सुचलं नाही. जे दगावले ते "उशिरा आणले". त्यांची नावं कुणी पाठ केली नाहीत.

गेल्या श्रावणात सकाळी गोवऱ्या काढताना त्यांच्या बायकोच्या, चन्नम्माकाकूंच्या बोटाला काहीतरी टोचलं. पांढऱ्या पट्ट्यांचा काळा साप सरपटत गेला. मी तिथं दूध आणायला गेलो होतो.

अण्णांनी पाला दिला. "कडू हाय का?"

"लई कडू."

अण्णा हसले. मीही हसलो, त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

दोन तासांनी काकूंच्या पापण्या उघडेनात. मी म्हणालो, "अण्णा, जीप बोलावतो."

"थांबा मास्तर. साठ जण उठवले म्या. घरचं माणूस उठवता येत न्हाय व्हय?"

ते मंत्र म्हणत राहिले. काकूंना थुंकी गिळता येईना, तेव्हा कुठं आम्ही जीप काढली. धाराशिवला डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, घशात नळी घातली. "चार तास काय करत होता?" त्यांनी विचारलं. अण्णांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. दुपारी काकू गेल्या.

आठव्या दिवशी बिराप्पा आपल्या लेकीला, राजेश्वरीला खांद्यावर टाकून धावत आला. तिच्या घोट्यावर दोन दात उमटले होते. अण्णा किंचाळले, "दवाखान्यात ने तिला! माझ्या हातात काय न्हाय रं, कवाच नव्हतं!" आणि हा सत्तरीचा माणूस बिराप्पाच्या पाया पडला.

मी जीपवाल्याला फोन लावला. बिराप्पानं माझा हात धरला.

"मास्तर, अण्णा दुःखानं बोलाय लागलेत. काकू घरी हुत्या तवर जित्या हुत्या. दवाखान्यात नेल्या अन् गेल्या. सगळ्या गावानं बघितलंय."

आणि त्यानं पोरीला अण्णांच्या पुढ्यात निजवलं.