बांधावरच्या शिरसातलं बिऱ्हाड

मांडवगण फराट्याच्या दगडाबाईबद्दल दोन गोष्टी साऱ्या शिवाराला ठाऊक आहेत. एक, तिच्या गोफणीचा नेम चुकत नाही. दुसरी, तिचा शब्द मागं फिरत नाही. तिसरीही एक आहे, की चहातल्या साखरेवरून तिचं सुनेशी, मोनालीशी, रोज वाजतं. पण ती माझ्याकडून कळली असं कुठं बोलू नका.

वय अडुसष्ट. ज्वारी हुरड्यात आली की बाई उजाडायच्या आत माळ्यावर, म्हणजे शेतात चार मेढींवर बांधलेल्या मचाणावर, चढते आणि दिवसभर पाखरं हाकते. चाळीस वर्षं झाली. राखण करणारा पोपटांना वैरी समजतो. दगडाबाई त्यांना भावकी समजते. भांडण रोजचं, पण खबर प्रत्येकाची.

"आप्पा, चिमणी कशी गुमान कणसावर बसून खाती," ती मला सांगायची. "ह्यो राघू कणीस तोडणार, एका पायात धरणार, चार दाणं खाणार आन् देणार फेकून. तालेवाराघरचा जावई जेवतो तसा. पायाची दोन बोटं फुडं आन् दोन मागं, म्हणून त्याला धराय जमतं."

"आणि गळ्यातली कंठी?"

"कंठी नराला. ती बी जल्मल्यापास्नं न्हाई, तिसऱ्या सालाला येती. तवर पोरगं का पोरगी, वळखू येत न्हाई."

पुढं मी हे एका पक्ष्यांच्या पुस्तकात पाहिलं. सगळं तसंच होतं. बाईनं शाळेची पायरी चढलेली नाही. मी ते पुस्तक पारावर चौघांना मुद्दाम वाचून दाखवलं. आपल्या गावची बाई आहे, मिरवायचं नाही तर काय!

तर गोष्ट अशी. दगडाबाईच्या आणि सोपानरावांच्या बांधावर शिरसाचं एक वाळलेलं झाड होतं. सोपानराव म्हणजे सोसायटीच्या निवडणुकीत तीन मतांनी पडलेले. त्यातली दोन घरातलीच फुटली असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही, नुसतं सांगतो. त्यांच्या पेरूच्या बागेत पिकअप न्यायची तर हे झाड आडवं येत होतं. आमच्याकडं बांधावरचं झाड दोघांचं. एकट्यानं कुऱ्हाड लावायची नाही, दोघांचा होकार लागतो, आणि लाकूड निम्मं निम्मं. दिवाळीत सोपानरावांनी विचारलं. दगडाबाईनं चार माणसांदेखत सुपारी फोडली आणि म्हणाली, "माघ सरला की पाडा."

चुकली ती इथं. दिवाळीत झाड रिकामं होतं. पौषात पोपटांचं एक जोडपं आलं. पोपट घरटं विणत नाही. सुतारपक्ष्यानं कधीतरी पाडलेली ढोली शोधायची, चोचीनं तोंड मोठं करायचं आणि बिऱ्हाड थाटायचं. आधी तिथं साळुंक्या होत्या. आठ दिवस कचाकचा भांडून पोपटांनी त्यांना हुसकलं. दगडाबाई ज्वारी राखताना हे सगळं बघत होती, पण शब्द देऊन बसली होती.

महाशिवरात्रीनंतर सोपानराव पप्पूला घेऊन आले. पप्पू म्हणजे मशीनच्या करवतीवाला. करवत बघताच दगडाबाई झाडाखाली जाऊन बसली.

"वहिनी, शब्द दिलाय तुम्ही," सोपानराव म्हणाले.

"दिलाय. मोडत न्हाई. पन आत अंडी हायती."

"काय बी नगा सांगू. काल दुपारी मी तासभर बसलो हुतो हितं. एकच राघू आला, बसला, गेला. ढोलीत कोन न्हाई."

"सोसायटीला बी तुमी असंच मोजलं हुतं व्हय, दाजी?"

पप्पू हसला आणि सोपानरावांनी बघितल्यावर लगेच खोकला. मीही तोंडाला उपरणं लावलं.

"आवो, मादी बाहीर येतच न्हाई," दगडाबाई म्हणाली. "तीन आठवडं आत बसती, नर तिला भरवतो. उद्या सकाळच्याला या. दिसली न्हाई तर मीच पहिला घाव घालीन. दिसली, तर पिल्लं उडस्तवर थांबायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं ज्वारीच्या ताटांआड बसलो. दगडाबाईनं सोपानरावांना फोन बंद करायला लावला. ऊन झाडाच्या बुंध्याला टेकलं तसा कंठीवाला नर आला. ढोलीत न जाता शेजारच्या फांदीवर बसून हळू आवाजात बोलू लागला. बराच वेळ काही नाही. सोपानराव माझ्याकडं बघून मिशीत हसले. दगडाबाईची मात्र नजर तसूभरही हलली नाही. पदराचं टोक तेवढं मुठीत घट्ट आवळलेलं.

आणि ढोलीतून एक हिरवं डोकं बाहेर आलं. कंठी नसलेलं. लाल चोच वर झाली. नरानं मान खाली-वर करत पोटातलं काढून तिच्या चोचीत घातलं, पुन्हा पुन्हा.

"आयला," पप्पू पुटपुटला, "माझी बायको डबा बी देईना आन् ह्यो बघा."

सोपानरावांचं हसू गेलं, पण माणूस हिशेबी. "थांबतो. पन दोन महिनं पेरूच्या पाट्या डोक्यावर वाहाय लागतील मला. आन् ही जात माझीच बाग खाणार. त्याचं काय?"

"तुमची बाग मी राखते," दगडाबाई म्हणाली.

आणि राखली. अडुसष्टाव्या वर्षी, रणरणत्या उन्हात, दुसऱ्याच्या बागेत दोन महिने बाई गोफण घेऊन उभी. पोपटाचं एक बिऱ्हाड वाचवायला थव्यावर थवे हाकलत होती. दगड पाखराला लागत नसे, कानाजवळून सणसणत जाई, इतका तिचा हात पक्का. मोनाली तक्रार करीत भाकरी घेऊन यायची आणि सोबत तांब्याभर चहा. गोड, मी पिऊन पाहिलाय.

अक्षय्य तृतीयेच्या आधी पिल्लं बाहेर पडू लागली. एक गेलं, दुसऱ्या दिवशी दुसरं, मग तिसरं. सोपानरावांनी पप्पूला बोलावलं.

"आजून एक हाय," दगडाबाई म्हणाली. "अंडी एका दिवशी घालत न्हाई ती. शेवटचं मागं ऱ्हातं."

या वेळी सोपानराव वाद घालत बसले नाहीत. स्वतःच बांधावर बसले, फोन बंद करून. तिसऱ्या दिवशी ते चौथं धडपडत निघालं, हेलकावत बागेतल्या पेरूवर उतरलं आणि एका फळाचा लचका तोडून फेकला.

"गेलं बरं का, वहिनी!" सोपानराव असे ओरडले जणू नात बोर्डात आली.

दगडाबाईनं पुन्हा एकदा ढोलीकडं निरखून पाहिलं, बुंध्याला हात लावला आणि पप्पूला म्हणाली, "लाव मशीन."

झाड पडलं. वाटणीत सोपानरावांनी तिला आधी निवडायला सांगितलं. हा मान त्यांनी सख्ख्या भावालाही कधी दिला नव्हता. आम्हाला वाटलं, सरळ ओंडके उचलेल. बाईनं ढोलीचा पोकळ तुकडा घेतला, चुलीलाही कुणी नेणार नाही असा.

"आन् बाकीचं?" सोपानरावांनी विचारलं.

"न्या तुमी. मला ह्यो माझ्या दारच्या कडुलिंबावर चढवाय चार माणसं तेवढी द्या."

पहिला दोर सोपानरावांनी धरला.